अनुभव धागा: सिव्हिल शिकायला परदेशी गेलेल्या सोलापूरकरांनो, जरा इकडे या

जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. मी छोटा ठेकेदार. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर एवढ्याच टापूत घरं बांधतोय. भाची सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढचं शिक्षण परदेशातच करायचं असं तिनं ठरवलंय. बहिणीचा जीव खालीवर होतोय, मेहुणे गप्प आहेत (म्हणजे हिशेब करतायत) आणि सगळे माझ्याकडे बघतायत, कारण घरात सिव्हिलवाला मी एकटा. मला स्लॅबला किती सळई लागेल ते विचारा, व्हिसातलं मला काय कळतंय?

पुण्याला एका सल्लागाराकडे जाऊन आलो. वीस मिनिटांत त्या पोरानं चार देश सुचवले. मी विचारलं, तिकडं बांधकामाचा कोड, म्हणजे नियमावली, कुठली चालते, शिकून झाल्यावर ड्रॉइंगवर सही करायचा अधिकार मिळतो का, साइटवर कुठली भाषा बोलतात? तो म्हणाला, "सर, ते सगळं नंतरचं." आम्ही चहा संपवून उठलो.

म्हणून हे आवतण. गेलेल्यांनी लिहा, जाऊन परत आलेल्यांनी तर जरूर लिहा, पालकांनीही लिहा. नावं नकोत, राहता तो भाग लिहिला तरी चालेल. पैसे किती गेले, कुठं ठेचकाळलात, हाताला खरं काम लागलं का, तेवढं सांगा. तिथल्या हिरवळीचे फोटो नकोत, ते सल्लागाराकडे पोतंभर आहेत.

भैय्या चौक

अण्णा, जर्मनीचं मी सांगतो. २०२३ च्या ऑक्टोबरात ड्रेस्डेनला मास्टर्ससाठी गेलो.

आधी पैसे, कारण मेहुणे तिथंच अडले असणार. सॅक्सनी राज्यातल्या माझ्या सरकारी विद्यापीठाला मला ट्यूशन फी नव्हती. सहा महिन्याला दोन-तीनशे युरो वर्गणी भरायची. पण 'जर्मनी फुकट' हे आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत. तेव्हा गाव बघून अर्ज करा.

दुसरं, ब्लॉक अकाउंट. वर्षभराचा खर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. माझ्या वेळी ११,२०८ युरो होते, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले. ही फी नव्हे, आपलेच पैसे, महिन्याला ९९२ युरोच्या हप्त्यानं आपल्यालाच परत मिळतात. हे वडिलांना पटवायला मला दोन रविवार लागले. "आपलेच पैसे, आपल्यालाच देणार, मग अडकवायचे कशाला बे?" त्यांचा प्रश्न बिनतोड होता, पण व्हिसा त्याशिवाय होत नाही. शिवाय एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ते सक्तीचं आहे, आणि ते हातात यायला वेळ लागतो. तिसऱ्या वर्षालाच गुणपत्रकं गोळा करायला सुरुवात करा म्हणावं भाचीला.

परीक्षेचं एक कुणी सांगत नाही. आपल्याला एटीकेटीची सवय. तिथं बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की अभ्यासक्रमातून नाव कमी. माझ्याबरोबरचा एक मुलगा स्ट्रक्चरल डायनॅमिक्समध्ये असाच घरी गेला, हुशार होता. दुसऱ्या प्रयत्नाच्या आधीच्या रात्री तो गोदामात पाळी करून आला होता.

आता कामाचं. शिकवणं इंग्रजीत होतं, साइट मात्र जर्मनमध्ये. ए-टू, म्हणजे जेमतेम बोलण्यापुरत्या, भाषेवर मला आठ महिने कुणी उभं केलं नाही. बी-टू, म्हणजे कामापुरती नीट भाषा, झाल्यावर पूल तपासणाऱ्या एका ऑफिसात विद्यार्थी म्हणून अर्धवेळ लागलो. तिकडं पुलांची मोठी तपासणी दर सहा वर्षांनी, त्यानंतर तीन वर्षांनी साधी, असा नियमच आहे. मोठ्या तपासणीत इंजिनिअर हातभर अंतरावरून पूल बघतो. माझं काम काय, तर हातोडी. काँक्रीटवर टक टक करत जायचं आणि ऐकायचं. आत थर सुटला असेल तर आवाज बदलतो. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, फरक कळतो का? म्हटलं, आमची आजी माठ घेताना अशीच टिचकी मारते. त्यांना माठ म्हणजे काय ते सांगण्यात जेवणाची सुट्टी गेली. पण खरं सांगतो, तो आवाज मी पहिल्या तासात पकडला. सांध्याजवळ 'टण्' चं 'थप्' झालं की खडूनं गोल करायचा. दिवसअखेर खांद्याची वाट लागायची.

आणि ११ सप्टेंबर २०२४. पहाटे तीनच्या सुमारास आमच्या गावचा कॅरोला पूल, त्याचा ट्रामवाला भाग, एल्बे नदीत बसला. शेवटची ट्राम थोड्याच वेळापूर्वी गेलेली, त्यामुळे माणूस एकही गेला नाही. १९७१ चा प्रीस्ट्रेस्ड पूल, म्हणजे काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असलेला, त्या तारांना ताणामुळं गंजाच्या भेगा गेल्या होत्या. या भागाची दुरुस्ती पुढच्या वर्षी व्हायची होती. सकाळी आम्ही सगळे विद्यार्थी काठावर जाऊन नुसते उभे होतो. प्रीस्ट्रेसिंगचा पेपर मला अवघड जायचा. त्या दिवसानंतर अवघडच गेला, पण मी तो टाळला नाही.

शेळगी

मी गेलो नाही. गेट दिली, एम.टेक केलं, सरकारी नोकरीत आहे. ब्लॉक अकाउंटइतक्या पैशात माझं एम.टेक होऊन वर स्टायपेंड मिळाला. हेही या धाग्यात कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिलं. बाकी चालू द्या.

कन्ना चौक

शेळगीकर बरोबर आहेत, तरी मी गेले.

आमचं घर पूर्व भागातलं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि मधेच कन्नड. बाबा यंत्रमागावर टॉवेल काढायचे, आई विड्या वळायची. मी मेलबर्नला दोन वर्षांचं मास्टर्स केलं. कर्ज काढलं, मामाचं घर तारण ठेवलं. त्या मामाला मी अजूनही दर दिवाळीला आधी फोन करते, आईला नंतर.

मला सांगायचंय ते मातीबद्दल. जुळे सोलापूरवाल्या दादांना हे रोजचंच आहे. आमच्या आजोळी, मंद्रूपकडं, मे महिन्यात रानाला अशा भेगा पडायच्या की माझी पायातली चप्पल आत गेली होती, काढायला काठी लागली. पावसाळ्यात तीच माती फुगून दार चौकटीत अडकायचं. माझ्या मनात होतं, ही आपल्या गरिबीची माती. मेलबर्नमध्ये पहिल्याच सत्रात जिओटेकचे, म्हणजे माती-पाया शिकवणारे, सर म्हणाले, शहराच्या पश्चिमेला बेसॉल्टपासून झालेली चिकणमाती आहे, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, घरांना तडे जातात. मी वही बंद करून ऐकायला लागले. आपलीच काळी माती की! खडकही तोच, बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण.

फरक एवढाच की तिथं घर बांधायच्या आधी प्रत्येक प्लॉटची माती तपासून तिला वर्ग देतात. एएस २८७० नावाचा कोड आहे. ए म्हणजे जवळजवळ न हलणारी, मग एस, एम, एच-वन, एच-टू, आणि ई म्हणजे महाभयंकर. वर्गाप्रमाणं पाया ठरतो. आमच्या गल्लीत गवंडी पायानं माती दाबून बघायचा आणि "हं" म्हणायचा. तोही बहुतेक वेळा बरोबर असायचा, ते सोडा.

पदवीला बारा आठवड्यांचा कामाचा अनुभव सक्तीचा असतो आणि तो आपला आपण शोधायचा. मी एकशे चाळीस अर्ज केले. बहुतेकांचं उत्तर आलंच नाही. शेवटी माती तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीनं घेतलं, तेही त्यांचा माणूस आजारी पडला म्हणून. साइटवर पाय ठेवायला व्हाइट कार्ड नावाचं सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड लागतं, ते एका दिवसात काढलं. सकाळी हातानं फिरवायचं ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडायचं गिरमिट, घेऊन नमुने काढायचे, दुपारी प्रयोगशाळेत प्लास्टिक लिमिट, म्हणजे किती ओलाव्यापर्यंत माती वळता येते त्याची टेस्ट.

ही टेस्ट इथंही शिकवतात, पण आमच्या बॅचमध्ये एक मुलगा करायचा आणि बाकी चौदा जण आकडे उतरवायचे. तिथं मी एकटी. ओलसर मातीचा गोळा काचेवर ठेवायचा, तळव्यानं वळून वळून तीन मिलीमीटर जाडीचा दोरा करायचा, आणि बरोबर त्याच जाडीला तो तुटायला लागला की ओलावा मोजायचा. पहिले दोन दिवस माझे दोरे एकीकडं जाड, एकीकडं बारीक. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी जोर देतेय. आईची बोटं आठवली. ती तेंदूच्या पानात तंबाखू भरून अशी वळायची की दाब कुठंच दिसायचा नाही, नुसती फिरवल्यासारखी. मग जमलं. तिथली बाई म्हणाली, हात चांगला आहे तुझा. मी काही बोलले नाही. रात्री आईला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तिथं जाऊनपण वळायचंच की."

शिकताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, त्यात खोलीचं भाडं निघतं, फी निघत नाही. त्या हिशेबात कुणी राहू नका.

दमाणी नगर

मी इंग्लंडहून परत आलोय. अण्णा, तुम्ही परत आलेल्यांना मुद्दाम बोलावलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय मी गणपतीच्या मंडपातसुद्धा काढत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरला एका वर्षाचं मास्टर्स. एक वर्ष म्हणजे स्वस्त, असा माझा हिशेब. वर्ष कसलं, जेमतेम नऊ महिने वर्ग आणि उरलेला प्रबंध. थंडी कळायच्या आत पहिली परीक्षा. नोकरीचे अर्ज तिथली पोरं वर्ष सुरू झाल्यावर पहिल्याच शरद ऋतूत भरतात, तेव्हा मला बस कुठं थांबते ते कळत नव्हतं.

शिक्षणानंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचाच आहे, भाचीनं नोंद घ्यावी). एका कंपनीनं ड्रेनेज डिझाइनला घेतलं, वर्षाला २९,००० पौंड. खूश होतो. पण एप्रिल २०२४ ला नियम बदलला. कंपनीनं पुढचा व्हिसा द्यायचा तर पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली. नव्या पदवीधराला सवलत धरूनही ३०,९६०. माझ्यात आणि त्या आकड्यात दोन हजारांचा फरक. साहेब चांगला होता, पण म्हणाला, तुला वाढवला तर बाकी सगळ्यांना वाढवायला लागेल.

आता कर्जाचं गणित, कारण ते सल्लागाराच्या फळ्यावर नव्हतं. पंचवीस लाख, साडेदहा टक्के. शिकत असताना हप्ता नाही म्हणून आपण निवांत असतो, पण व्याज चालूच असतं. वर्षाला २,६२,५००, म्हणजे महिन्याला जवळजवळ २२,०००. दोन वर्षांनी मुद्दल सव्वातीस लाखांवर जातं, आणि दहा वर्षांचा हप्ता बसतो चाळीस हजारांच्या वर. इथं अक्कलकोट रोडला एका ठेकेदाराकडे मी ज्या पगारावर लागलो, तो सांगत नाही. वडील निवृत्त झाल्यावरही दोन वर्षं एका दुकानात हिशेब लिहायला जात होते.

शिकलो ते वाया गेलं असं नाही. पावसाच्या पाण्याचा निचरा कसा मोजायचा ते मला आज येतं, आणि आपल्या नव्या वसाहतींत ते कुणी मोजत नाही. पण त्याला गिऱ्हाईक नाही. त्या सल्लागारानं मला सांगितलं होतं, "सिव्हिलला तिकडं प्रचंड मागणी." मागणी होतीच, ३०,९६० च्या वर.

रेल्वे लाइन्स

दमाणी नगरकर, मनापासून लिहिलंत. मी अमेरिकेत आहे, थोडं हलकं लिहितो.

पहिल्या आठवड्यात माझी इज्जत गेली ती काँक्रीटवरून. लॅबमध्ये सर म्हणाले, मिक्स ४००० पीएसआयचं आहे (चौरस इंचाला पौंडात मोजलेली काँक्रीटची ताकद). मी मनात आपल्या एककात रूपांतर केलं, २७.६ एमपीए. म्हणजे आपल्या प्रतींपैकी एम-२५ आणि एम-३० च्या मधलं. हात वर करून सांगितलं की आमच्याकडे साध्या बंगल्यालाही याच्या जवळपासचंच घालतात. सर शांतपणे म्हणाले, तुमच्याकडे चाचणीला काय घेता? म्हटलं, क्यूब. ते म्हणाले, आम्ही सिलिंडर घेतो. झालं! उभा लांबट सिलिंडर क्यूबपेक्षा लवकर फुटतो, तेच काँक्रीट क्यूबमध्ये पस्तीसच्या आसपास दाखवतं. चार वर्षं क्यूब फोडले, पण आकारानं आकडा बदलतो हे डोक्यात कधी उतरलं नव्हतं. शिवाय तिथं अजून फूट, इंच आणि किप. किप म्हणजे हजार पौंड. किलोन्यूटनमध्ये विचार करणाऱ्या माणसाला सहा महिने बीम हलका का जड तेच कळत नाही.

नोकरीचं खरं सांगतो. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं आणि सिव्हिल स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या यादीत, येत असल्यानं आणखी चोवीस महिने. त्या तीन वर्षांत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची चिठ्ठी निघाली तर निघाली. कॉम्प्युटरवाल्या मोठ्या कंपन्यांना हे सोपस्कार सरावाचे असतात. आपल्या क्षेत्रात वीस-तीस माणसांची ऑफिसं खूप, त्यांना वकील कोण आणि कागद कुठले इथूनच सुरुवात. रस्ते-पूल खात्याच्या बऱ्याच सरकारी जागा तर आपल्यासाठी नसतातच. मी मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत व्हिसाचं विचारतो. आधी लाजायचो, त्यात एक अख्खा उन्हाळा घालवला.

सहीचा अधिकार विचारलात ना? आधी एफई ही पायाभूत विषयांची परीक्षा, मग काही वर्षं परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काम, मग परवान्याची पीई परीक्षा. तेही राज्याराज्याचं वेगळं. एफई शिकत असतानाच देऊन टाका, फ्लुइड्स आणि स्टॅटिक्स ताजं असतं तोवर.

सम्राट चौकातली काकू

दादा, मी पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा बारावीनंतरच कॅनडाला गेला, २०२१ ला. सिव्हिलची पहिली पदवीच तिथं. आम्ही दोघं शिक्षक, पीएफ काढला आणि बाकीचं कर्ज. त्या वेळी खात्यात १०,००० डॉलर दाखवायला लागायचे. जानेवारी २०२४ ला ते २०,६३५ झाले आणि सप्टेंबर २०२५ ला २२,८९५. आम्ही आधी गेलो म्हणून सुटलो, एवढंच म्हणायचं.

त्यानं कोऑपचा अभ्यासक्रम घेतला होता, चार महिने वर्ग, चार महिने पगारी काम. एका हिवाळ्यात तो साइटवर. मी व्हिडिओ कॉल लावला तर मागं मोठा प्लास्टिकचा तंबू आणि आत गरम हवा सोडणारी यंत्रं. मला वाटलं माणसांना ऊब देतायत. तो म्हणाला, "आई, काँक्रीटला." ओतलेलं काँक्रीट गोठू नये म्हणून त्याला ऊब, आणि पोरं बाहेर उणे अठ्ठावीसमध्ये. पायाही तिथं जमीन गोठते त्याच्या खाली न्यावा लागतो, त्याच्या भागात चार फुटांच्या आसपास. आमच्याकडं त्याच दिवशी गड्ड्याची जत्रा होती. मी त्याला नंदीध्वज दाखवत होते आणि तो मला तंबू.

अंगठीची गंमत सांगते. पदवी होताना त्यानं फोटो पाठवला, करंगळीत लोखंडासारखी अंगठी. माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, याला तिथं कुणी साडेसाती सांगितली? आपल्याकडं घोड्याच्या नालेची घालतात ना, तसलीच दिसत होती. त्याला फोन केला तर हसून बेजार. तिथं पदवी घेणाऱ्या इंजिनिअरांना एका समारंभात ही अंगठी देतात, १९२५ पासूनची पद्धत आहे. लिहित्या हाताच्या करंगळीत घालायची, म्हणजे ड्रॉइंग करताना कागदाला घासत राहते. १९०७ ला क्वेबेकचा पूल बांधतानाच कोसळला आणि पंचाहत्तर कामगार गेले, ती अंगठी त्याच पुलाच्या लोखंडाची असते असं पोरं सांगतात. ते खरं नाही म्हणे. पण पूल पडला होता हे खरं. माझ्या सासूबाईंना मी काही समजावलं नाही. त्या शनिवारी मारुतीला तेल घालून आल्या.

बाळे

काकूंनी पुलाचं लिहिलं, मी घरांचं लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. मी तिसरीत. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या आत पलंग हलला. सोलापुरात आम्ही रस्त्यावर आलो आणि थोड्या वेळानं परत झोपलो. किल्लारी आणि सास्तूरला लोक उठलेच नाहीत. वडील दोन दिवसांनी भाकरीचं गाठोडं घेऊन एका ट्रकमधून गेले. परत आल्यावर ते बरेच दिवस आमच्या गावाकडच्या माळवदाखाली झोपेनात. बाहेर अंगणात बाज टाकायचे.

माळवदच तर होतं ते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांत चुना-सिमेंट नाही, नुसती माती, आणि वर उन्हापासून गारवा म्हणून फूटभर मातीचा थर. भूकंप जगाच्या मानानं मध्यम होता, साडेसहाच्या आतला. माणसं मारली ती छतांनी. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर तो भाग सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या कोडमध्ये तो तिसऱ्यात गेला.

मी जपानच्या सरकारी शिष्यवृत्तीवर गेलो, मेक्स्ट म्हणतात तिला. फी माफ, जाण्यायेण्याचं तिकीट, मास्टर्सला महिन्याला १,४४,००० येन. या धाग्यात कर्जाचे आकडे वाचून मला माझ्या नशिबाची लाज वाटली, म्हणून सांगतो की ही वाट आहे आणि आपल्याकडचे फार कमी लोक अर्ज करतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे, तीही बघा.

तिथं आधी सहा महिने भाषा, मग प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे घरच. सेनसेई, म्हणजे आमचे सर, येण्याआधी झाडू मारायचा, हे मास्टर्सवालाही करतो आणि पीएच.डी.वालाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी मिकी गावात एक शेक टेबल बांधलं, वीस मीटर लांब, पंधरा रुंद, खरीखुरी इमारत त्यावर ठेवून हलवतात. आम्हाला एकदा बघायला नेलं होतं. आधी घंटा होते, सगळे गप्प, आणि मग ते सुरू होतं. बाकीचे स्क्रीनवरचे आलेख बघत होते. मी आवाज ऐकत होतो. वडील म्हणायचे तसा, "खालून मालगाडी गेल्यासारखा."

माझा प्रबंध दगडी भिंतींवर झाला. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जोडणारा आरपार लांब दगड, म्हणजे आपले जुने गवंडी ज्याला जोडदगड म्हणायचे तो, ठरावीक अंतरावर असला तर भिंत फुगून फाटत नाही. ते मी जपानीत समजावून सांगितलं तेव्हा सेनसेईंनी विचारलं, तुमच्या गावात हे माहीत होतं? म्हटलं, माहीत होतं, पण दगड महाग पडायचा.

आसरा

मी नेदरलँड्सला डेल्फ्टला होते, पाण्याच्या अभियांत्रिकीला. १९५३ च्या समुद्राच्या पुरात तिथं अठराशेवर माणसं गेली. त्यानंतर १९५७ मध्ये तिथं परदेशी इंजिनिअरांना पाणी शिकवायचं काम सुरू झालं, आज तीच संस्था आयएचई डेल्फ्ट. वर्गात बांगलादेश, इथिओपिया, येमेन, सगळे पाण्याचे मारलेले. देशाचा पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली, आणि त्यांचं सगळं डोकं पाणी बाहेर कसं काढायचं यात.

आणि मी सोलापूरची! पहिले तीन आठवडे रोज रात्री बादली, दोन पातेली आणि भांडी घासायचं टबसुद्धा भरून ठेवायचे. खोलीतल्या केनियाच्या मुलीनं एकदा विचारलं, उद्या नळ बंद आहे का? मी म्हटलं, आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतं. ती म्हणाली, आमच्याकडंही. मग दोघी मिळून भरायला लागलो. ती सवय मोडायला पहिली परीक्षा यावी लागली.

उजनीवर प्रकल्प केला. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारं पाणी, हे सांगितल्यावर सरांनी आकडा दोनदा तपासायला लावला. 'उजनी मायनसमध्ये गेलं' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात चहाबरोबर वाचतो, ते त्यांना समजावताना माझी फळ्यावर दोन चित्रं झाली.

भाचीला एवढंच विचारा, तिला नक्की काय आवडतं? पाणी, माती, पूल की इमारत? 'सिव्हिल' एवढ्यावर देश ठरत नाही.

जुळे सोलापूर

सगळ्यांचे आभार. धागा छापून घेतला, मेहुण्यांनी चष्मा लावून दमाणी नगरचा हिशेब स्वतः कागदावर करून बघितला. आकडा जुळला. नंतर ते उठून बाहेर फेरी मारून आले.

भाचीनं सगळं वाचलं आणि पहिला प्रश्न मला केला, "मामा, तुमच्या चालू साइटवरची माती एच-टू येईल का ई?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी पायानं दाबून "हं" म्हणणाऱ्यातला. तर शनिवारी ती साइटवर येऊन नमुना घेऊन गेली. कॉलेजच्या लॅबमध्ये काच आहे, वळायला एकटीच बसणार म्हणाली.

कन्ना चौक ताई, तिचा पहिला दोरा फोटो काढून पाठवलाय. एकीकडं जाड, एकीकडं बारीक.

कन्ना चौक

दादा, तिला सांगा जोर देऊ नको. आणि हाताला मध्ये मध्ये कोरडं फडकं लाव, घामानं माती ओली होते. सोलापुरात तर होणारच.